मोहाला टेकून

२०२३ सालच्या मे महिन्यातल्या एका सकाळी, बदलापूरच्या पुढे बारवीच्या वाटेवर असलेल्या आपल्या शेतात, गयाबाईने चपला काढल्या आणि ती मोहाच्या खोडाला पाठ टेकून उभी राहिली.

“आज्जी, तिथे नाही. इकडे मोकळ्यात या,” अभिजीत खालून म्हणाला. उल्हासनगरचा हा तरुण पाम तेलाच्या एका कंपनीसाठी शेतकरी जोडत फिरत होता. रोपं फुकट, चार वर्षांत घड, आणि तेलाच्या डब्यावर हिरवं पान. निसर्ग राखून केलेली शेती, म्हणून.

अट एकच होती. झाडं तोडून केलेल्या शेतातलं तेल बाहेरच्या देशांतले लोक घेत नव्हते. जमीन आधीपासून मोकळी असल्याचा फोटो लागे, आणि त्यात सातबाऱ्यावरचा मालक उभा. सातबारा गयाबाईच्या नावावर होता आणि वरच्या बांधाला मोहाची जुनी झाडं होती. त्यावरचा उपाय अभिजीतने बुवापाड्यातल्या तिच्या घरी, चहा पिता पिता सांगितला होता. आधी खालच्या तुकड्याचा फोटो, मग करवतवाले.

“फोटोत नाहीत म्हणजे ती झाडं कधी नव्हतीच. सिंपल आहे.”

तिच्या मुलाने, नरेंद्रने, मान हलवली होती. अंबरनाथच्या कारखान्यात ॲसिडच्या वासात त्याची उमेद गेली होती. त्याला शेतावर यायचं होतं. गयाबाई कपबशा विसळायला उठली होती.

“आई, ऐक ना. दोन मिनिटांचं काम आहे,” नरेंद्र आता म्हणाला. अर्ज घरच्याच फोनवरून भरायचा होता, म्हणून फोन त्याच्या हातात होता.

“मी उभी आहे की. काढ फोटो.”

अभिजीतने तिला हाताला धरून खाली आणलं. ती आली. नरेंद्रने फोन वर केला तशी वळली आणि पुन्हा चढून खोडाशी गेली.

शेजारच्या शेतातला रघु टॉवेल डोक्यावर टाकून गंमत बघायला आला.

“गयाबाय, येवढा जीव हाय त बुडाशी एक धोंडा मांड. शेंदूर फास. कोन हात लावतो बघू. माझा आंबा तसाच रायला.”

“तुमच्या आंब्याखालचा धोंडा मला ठाऊक आहे रघु. त्याला शेंदूर लागला आणि आमचं सावलीला बसणं बंद झालं.”

“ते जुनं झालं आता.”

“मोह पण जुनाच आहे.”

रघु टॉवेलाने मान पुसत राहिला.

“नरेंद्र,” ती म्हणाली, “गावच्या घाण्याने आपलं बी कधी घेतलं नाही. म्हणून तुझ्या बापाने या ढोलीत दोन फळ्या अडकवून, त्यांत बी दाबून याच झाडांचं तेल काढलं. तुला न्हाऊमाखू घातलं ते त्या तेलाने.”

“आज्जी, आता दुकानात पाऊच मिळतो,” अभिजीत हसला. “पामचाच.”

“मीही त्यातच तळते, बाबा. पाम लावू नका असं म्हटलं का मी? खाली लावा, खुशाल लावा. पण ही पाडायची आणि वर झाडं राखली म्हणून डब्यावर पान छापायचं, ते माझं तोंड दाखवून नाही.”

अभिजीतने घड्याळ पाहिलं. त्याला अजून दोन गावं करायची होती.

“दादा, एक असाच काढा. आज्जी खूश होतील. नंतर डिलीट मारू.”

नरेंद्रने फोटो काढला. मग पडद्यावर हाताची सावली धरून तो बराच वेळ त्याकडे बघत राहिला. आईच्या डोक्यावर ढोलीपाशी फळीचा एक काळा तुकडा अजून अडकलेला होता. त्याने अंगठा टेकवला.

“मारला ना डिलीट?”

“पाठवला,” नरेंद्र म्हणाला आणि आईच्या चपला उचलून तिच्यापुढे ठेवल्या.

कंपनीने ते शेत नाकारलं. झाडं असलेली जमीन म्हणून, नियमाप्रमाणे. अभिजीतने ती नोकरी सोडली. हल्ली तो बेलवलीत फ्लॅट दाखवतो. रघूने पाम लावला. झाडं कमरेएवढी आहेत, सावली धरत नाहीत आणि आंबा पार दुसऱ्या टोकाला, म्हणून दुपारची भाकरी घेऊन तो मोहाखाली येतो. त्याला कोणी उठवत नाही. नरेंद्र अजून कारखान्यात जातो आणि सुट्टीच्या दिवशी पहिल्या गाडीने बिया वेचायला येतो.

गयाबाई पुढच्या हिवाळ्यात गेली. पुण्यानुमोदनाला नरेंद्रने तोच फोटो मोठा करून लावला. नातेवाईक कुरकुरले, कारण तिचा चेहरा सावलीत गेला आहे आणि ओळखू येत नाही.

झाडं मात्र सगळी आली आहेत.