उपास सहा दिवसांचा

"वैनी, ही डबी घ्या आणि मोरीत जाऊन या," प्रीती म्हणाली.

"आगं, ऑपरेशन झालंय माझं. धाकट्या आर्जवच्या बाळंतपणात. आठ वर्सं झाली, विसरलीस व्हय?" राजमती भिंतीला टेकून हसली.

हसायलाही अंगात बळ नव्हतं. पर्युषणाचा सहावा दिवस. दिवसातून एकदा उकळलेलं पाणी, बाकी काही नाही. दहा उपास पुरे करायचं तिच्या मनात लग्नापासून होतं. पण कधी बाळंतपण, कधी सासऱ्यांचं आजारपण, दर वर्षी काहीतरी आडवं यायचं. यंदा ती सहापर्यंत पोचली होती. आज सकाळी मंदिरातून येताना डोळ्यांपुढं अंधारी आली, म्हणून शेजारणींनी गावातल्या आशा कार्यकर्तीला, प्रीतीला, बोलावलं.

"पाळी कवा आली?"

"चुकलीय. उपासानं लांबली असंल."

"यायची कवा होती?"

"राखीपुनवेला."

प्रीतीनं बोटं मोजली. "वैनी, उपास सहा दिवसांचा. पाळी चुकून पंचवीस दिवस झालं. मग उपासानं कशी चुकंल?"

राजमतीनं डबी उचलली. उंबऱ्याशी जपमाळ ओढत बसलेल्या सासूचा, रंगूबाईचा, हात थांबला.

पट्टीवर लघवीचे तीन थेंब. पाच मिनिटं. दोन रेघा.

"आता गं?" राजमती म्हणाली. "थोरला गोमटेश धावीला हाय. लोकं तोंडात शेण घालतील."

"लोकं ऱ्हाऊ द्या. पोटात दुखतंय का? एका बाजूला?"

"उजवीकडं. उपासाचा वात असंल."

"सगळं त्या उपासावर ढकलू नगा." प्रीती तिच्याजवळ बसली. "ऑपरेशन झाल्यावरबी दोनशेत एखादीला दिवस जात्यात. पर तवा गर्भ पिशवीत न जाता नळीतच अडकायची भीती असती. नळी फुटली तर जिवावर बेततं. दिवस गेल्यात एवढंच ही पट्टी सांगती. गर्भ कुठं हाय ते सोनोग्राफीत कळंल. सांगलीला जायचं. दुपारी न्हाई, आत्ता."

राजमतीच्या नवऱ्यानं, रामगोंडानं, भावकीतली जीप आणली. सोनोग्राफीत गर्भ उजव्या नळीत दिसला. पोटात थोडं रक्तही साठलं होतं. ऑपरेशन लगेच करायचं ठरलं.

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "शेवटचं कधी खाल्लंत?"

"सहा दिवस झालं."

डॉक्टरांनी कागदावरून मान वर केली. "उपाशीपोटी या म्हणतो आम्ही, पण इतकं नाही हो!"

नर्स हसली. राजमतीही हसली. पण सलाइनची सुई जवळ येताच तिनं हात मागं ओढला.

"चारच दिवस ऱ्हायलं हुतं," ती पुटपुटली.

रामगोंडा एक पाऊल मागं सरकला. व्रत तिचं, त्यात त्यानं काय बोलावं? रंगूबाई पुढं झाली. सुनेचं मनगट धरून तिनं हात उताणा केला.

"मोडायचा दोष लागंल तो मला लागू दे. टोचा, डॉक्टर. मला माझी सून घरी पायजे."

नळी काढावी लागली. संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर अवघड होतं, असं डॉक्टर नंतर रामगोंडाला म्हणाले. राजमतीला शुद्ध आली तेव्हा खिडकीत ऊन होतं. सकाळपर्यंत ठाऊकही नसलेलं काहीतरी आपल्यातून आलं आणि गेलं, याचं तिला थोडं रडू आलं. मग आर्जव आठवला. उद्या त्याची वेणी कोण घालणार, म्हणून ती आणखी रडली. आर्जवला वेणी नव्हती, तो मुलगा होता. भुलीतली बडबड म्हणून रंगूबाईनं ती पुढं सगळ्या गल्लीला सांगितली.

ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी गावात उपास पुरे केलेल्या बायकांची मिरवणूक निघाली. ट्रॅक्टरची सजवलेली ट्रॉली घरापुढं आली तेव्हा राजमती सासूच्या आधारानं दारात उभी होती. हातात कुंकवाचं ताट. ट्रॉलीत सात जणी होत्या. आठवी जागा तिची असायची.

गर्दीच्या कडेनं प्रीती खांद्याला पिशवी लावून निघाली होती.

"प्रीती, इकडं ये."

राजमतीनं कुंकवात बोट बुडवलं.

"आवं वैनी, आधी त्यास्नी लावा. माझा कसला उपास? सकाळी दोन चपात्या हाणून निघालोय."

"गप हुबी ऱ्हा."

प्रीती उंच होती. हात वर नेताना टाके ताणले गेले. राजमतीनं क्षणभर डोळे मिटले, मग बोट तिच्या कपाळावर नीट टेकवलं, आणि ताट घेऊन ट्रॉलीकडं वळली.