लांब सळी

निवृत्तीचा हार सुकायच्या आत श्रीपादनं एक काम उरकायचं ठरवलं होतं. हरिदास फिटरला खरं सांगायचं. नऊ वर्षं त्यानं ते टाळलं होतं. आधी ठेकेदाराकडची नोकरी होती, मग निवेदिताचं लग्न होतं. आता नोकरी संपली, मुलगी सासरी नांदत होती आणि खरं बोलल्यानं त्याचं काहीच बिघडणार नव्हतं. अशा वेळी माणसाला सद्बुद्धी सुचते, तशी त्यालाही सुचली.

नऊ वर्षांपूर्वी नव्या रायपुरात एका मोठ्या इमारतीच्या दारावर काचेचं छत टांगायचं होतं. पोलादी चौकट, तिच्यात काच आणि चार कोपऱ्यांना चार सळ्या. तीन सळ्या हातभर लांबीच्या. चौथ्या कोपऱ्यावर तुळई नव्हती, म्हणून तिथली सळी थेट वरच्या मजल्यापर्यंत गेलेली, आठ मीटर लांब. हिशेब श्रीपादचा. चारही सळ्यांची जाडी सारखी, भार सारखा, म्हणून ताणही सारखा आणि पोलादाला सहज झेपणारा. त्यानं सही ठोकली. सळी तुटणार नाही एवढं त्यानं पाहिलं. ती किती लांबेल, हे पाहायचं राहून गेलं. सारख्या ताणाखाली लांब सळी जास्त लांबते, हे कॉलेजातलं पोरही सांगेल.

हरिदासनं रिकामी चौकट पाण्याच्या नळीनं अगदी बरोबर लेव्हलला आणली, सगळे नट कसले. मग काच चढली. भार येताच तो एक कोपरा तीन मिलिमीटर खाली उतरला, चौकट पिळली गेली आणि काच फुटली. खाली हरिदासचा धाकटा भाऊ भैय्यालाल उभा होता. तो जागीच गेला.

काच पडली, भार उतरला, सळी पुन्हा पहिल्याएवढी झाली. चौकशीला आलेल्यांनी मोजलं तर सगळं जागच्या जागी. फक्त त्या कोपऱ्यावरचा नट ढिला सापडला. झालं, हरिदासचं नाव कागदावर चढलं. त्या कागदावर श्रीपादचीही सही होती.

रायपूरजवळच्या उरला या कारखान्यांच्या वस्तीत हरिदासचं घर शोधायला वेळ लागला नाही. तो आता एका रोलिंग मिलच्या फाटकावर चौकीदारी करत होता. पाना हातात धरायचं त्यानं सोडलं होतं. त्याची बायको गोदू हिनं खुर्चीवरची काळी धूळ पदरानं पुसली.

"बसा साहेब. काहून येणं केलं?" हरिदासनं विचारलं.

श्रीपादनं ओट्यावरच्या धुळीत बोटानं एक आखूड आणि एक लांब रेघ ओढली आणि सगळं सांगितलं. समजवायला फार बोलावं लागलं नाही. हरिदासचा जन्म लोखंडात गेला होता.

"म्हंजे भार आल्यावर सळी लांबली. भार गेल्यावर वापस झाली."

"हो."

"मंग माहा नट?"

"कसलेलाच होता. झटक्यानं ढिला झाला. चूक माझी होती, हरिदास. तुझी नव्हती."

गोदू दाराशी मटकन खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडू लागली. हरिदास स्वतःच्या तळहाताकडे पाहत राहिला. श्रीपादला छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. आता हा रागावेल, शिव्या देईल, मग चहा होईल, असं काहीतरी त्यानं बसमध्ये योजून ठेवलं होतं. त्याची त्याला लाजही वाटली नाही.

"तुम्हाले कवा समजलं, साहेब?"

गेल्या महिन्यात, असं सांगता आलं असतं. ओठांवर आलंही होतं.

"तिसऱ्या दिवशी," श्रीपाद म्हणाला.

हरिदासनं मान हलवली. आवाज चढला नाही.

"मले नसतं सांगतलं तरी चाललं असतं. मायले सांगाचं होतं. दोन वर्सं खाटेवर होती ते. मरतानी मी पाणी घेऊन गेलो, तं तोंड फिरवलं. म्हणे, ज्यानं माह्या भैय्याले मारलं, त्याच्या हातचं नोको."

श्रीपाद काही बोलायला गेला. हरिदासनं हात वर करून त्याला थांबवलं.

"गोदू तवा माहेरी होती. घरात मी एकलाच होतो, साहेब. दुसरं कोणी पाजणारं नव्हतं. तहानलीच गेली माय."