दिलदारभाईंच्या मशीनचा परवाना

दिलदार मोमीन यांनी आयुष्यात कुणाची दमडी बुडवली नव्हती, की कागदावरची एक तारीख मागंपुढं केली नव्हती, आणि या गोष्टीचा त्यांना जरा जास्तच अभिमान होता. इचलकरंजीच्या वाटेवरच्या एका सहकारी सूतगिरणीत त्यांनी सव्वीस वर्षं कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून काढली. गिरणी बंद पडून सामान लिलावात निघालं तेव्हा शहाण्या माणसांनी पंखे उचलले, टेबलं उचलली, लोखंडी कपाटं उचलली. दिलदारभाईंनी गिरणीचा जुना कॉम्प्युटर उचलला. फ्रीजएवढा उंच, फ्रीजच्या दुप्पट जड, आणि भंगाराच्या भावानं किलोवर घेतलेला. कोल्हापूरच्या सदर बाजारातल्या घरासमोर टेम्पो थांबला तेव्हा त्यांच्या बायकोनं, सलिमाबींनी, दारातूनच विचारलं, “ह्यात भाजी ऱ्हाती व्हय?”

भाजी राहत नव्हती. पण गेली चौदा वर्षं ते धूड बाहेरच्या खोलीत दिवाणाशेजारी ठाण मांडून होतं आणि दिलदारभाई त्याच्यासमोर रोज सकाळी दोन-तीन तास सुखानं बसत होते. कुणी भजनाला जातं, कुणी कबुतरं पाळतं, हे जुने प्रोग्रॅम लिहीत. रमजानात साऱ्या गल्लीचं सेहरी-इफ्तारीचं वेळापत्रक त्याच मशीनवर तयार व्हायचं आणि करकर वाजणाऱ्या प्रिंटरवर छापून घरोघरी जायचं. मोबाइलवर तेच वेळापत्रक फुकट मिळतं, हे त्यांना सांगायची गल्लीत कुणाची छाती नव्हती.

असली याडं जगात बरीच आहेत. कुणी जर्मनीत, कुणी जपानात, बँकांनी आणि कारखान्यांनी टाकून दिलेल्या मशीनी घरात आणून चालवतात. अशा लोकांसाठी मशीनच्या कंपनीनं एक सोय ठेवली होती, शौकिनांचा परवाना. पैसा लागत नव्हता. वर्षातून एकदा मेल यायचा, त्यात अक्षरांची एक लांबलचक किल्ली असायची, ती टाईप केली की मशीन आणखी एक वर्ष चालायची. मुदत संपली आणि नवी किल्ली नसली, तर मशीन सुरू व्हायची, पण कुणाला आत घ्यायची नाही.

या वर्षी मेल आला, पण किल्ली आली नाही. कंपनी चौथ्यांदा विकली गेली होती आणि नव्या मालकांनी शौकिनांची सोय बंद केली होती. ज्याला हवा असेल त्यानं धंद्याचा परवाना घ्यावा, वर्षाला चार लाख वीस हजार. दिलदारभाईंची मुदत तीस तारखेला संपत होती. मधे सोळा दिवस होते.

“एवढ्यात तीन म्हशी येत्यात,” सलिमाबी म्हणाल्या. “त्या दूध तरी देत्यात.”

रविवारी राजवर्धन आला. हा इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणारा चाळिशीचा माणूस, आणि अख्ख्या कोल्हापुरात त्या मशीनची किंमत कळणारा दुसरा. त्यानं मेल वाचला आणि हसला.

“काका, एवढंच व्हय? मशीनची तारीख मागं सारा की. दोन हजार एकोणीस करून टाका. तिला वाटंल अजून लई मुदत हाय. आवं, सगळी हेच करत्यात.”

दिलदारभाईंचा चेहरा असा झाला की राजवर्धननं चहाचा कप खाली ठेवला. त्याचं कारण जुनं होतं. गिरणीत एकदा मॅनेजरनं दोन तारखेला आलेला कापूस एकतीस तारखेला आल्याचं दाखवायला सांगितलं होतं. दिलदारभाईंनी नकार दिला आणि सहा महिने कापसाच्या गोदामात गाठी मोजत बसले. गिरणीत लोक त्यांना माघारी ‘पंचांग’ म्हणायचे.

“मॅनेजरच्या तोंडावर जी तारीख हलवली न्हाय,” ते म्हणाले, “ती आता घरात बसून हलवू? मशीनशी खोटं बोलून मशीन चालवायची? त्यापरीस बंद पडंना का.”

“कुणाला कळणार हाय काका?”

“मला कळंल की.”

याला तत्त्व म्हणा नाहीतर आडमुठेपणा म्हणा. राजवर्धन गेल्यावर त्यांनी भंगारवाल्याचा नंबर शोधून ठेवला आणि त्या दिवसापासून त्यांचं जेवण निम्म्यावर आलं. चौदा वर्षं मशीनच्या नावानं बोटं मोडणाऱ्या सलिमाबींना खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण भिंतीकडे तोंड करून पडलेला नवरा त्यांना त्या मशीनच्या घरघरीपेक्षा जास्त सोसवेना. तिसऱ्या दिवशी त्यांचा संयम सुटला.

“आवो, मेल्यागत काय पडलाय? कंपनीला पत्र तरी लिवा. चार लाख मागत्यात आन तुमी गप बसताय? भांडल्याबिगर सोडायचं न्हाय, सांगून ठेवते.”

मग पत्र गेलं. इंग्रजी राजवर्धनचं, संताप दिलदारभाईंचा, आणि सभ्य माणसानं वाचावं म्हणून मधली चार वाक्यं राजवर्धननं गुपचूप काढलेली. आठवड्यानं उत्तर आलं. शौकिनांची सोय परत सुरू होणार नाही, असं त्यात पहिल्याच ओळीत होतं. पण खाली लिहिलं होतं की तुम्ही कळवलेल्या नंबरची मशीन १९९२ साली कायमच्या परवान्यासह विकली गेली आहे. तो परवाना मशीनबरोबर जातो, मग मालक कुणीही असो. त्याला फी नाही. मूळ प्रमाणपत्रावरची किल्ली टाकावी. तिची प्रत मात्र आमच्याकडे नाही.

राजवर्धन टाळी वाजवायच्या बेतात होता, तेवढ्यात दिलदारभाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

“ती किल्ली मशीनमधीच हुती. मी पुसली.”

“पुसली? का?”

“लिलावात मी लोखंड घेतलं, परवाना न्हाय. गिरणीचं ते गिरणीचं. म्हणून घरी आणल्या आणल्या पयलं तेवढं काम केलं.”

राजवर्धननं टाळीसाठी उचललेले हात खाली घेतले. सलिमाबी बोलल्या. त्या काय बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण सचोटी आणि अक्कल या दोन वेगळ्या चिजा आहेत, असा त्याचा मथितार्थ होता.

आता राहिला कागद. तो मात्र दिलदारभाईंना लख्ख आठवत होता. जाड कागद, सोनेरी किनार, खाली लाल शिक्का. परदेशातून आलेलं ते प्रमाणपत्र पाहून चेअरमनसाहेबांना वाटलं होतं की गिरणीला मोठा सन्मान मिळाला. त्यांनी त्याला काच लावून घेतली आणि ऑफिसात अंबाबाई, जोतिबा यांच्या रांगेत तिसरं टांगलं. दर दसऱ्याला तिघांनाही हार, तिघांनाही कुंकू. फुलांची परडी धरून दिलदारभाई स्वतः शेजारी उभे असत. साहेबांच्या भक्तीला आडवं जाण्याचं धाडस, तारखा न हलवणाऱ्या माणसालाही झालं नव्हतं. त्या तसबिरी गेल्या कुठे, हे एकाच माणसाला ठाऊक असणार होतं. ऑफिसचा शिपाई आकाराम.

अठ्ठावीस तारखेला दिलदारभाई एसटीनं जयसिंगपूरला उतरले. आकाराम अंगणातच शेंगा निवडत बसला होता.

“दिलदारभाई! वाट चुकली का काय?”

चहा झाला, गुडघ्यांची विचारपूस झाली, मेलेल्यांची उजळणी झाली. मग दिलदारभाईंनी तसबिरींचा विषय काढला.

“हाईत की,” आकाराम म्हणाला. “त्यो भंगारवाला देवांस्नीबी काट्यावर टाकाय लागला. मी म्हटलं, हात लावशील तर बघ. तिन्ही पिशवीत घातली आन आणली.”

आतल्या खोलीत देव्हाऱ्यावरच्या भिंतीवर तिन्ही ओळीनं होती. अंबाबाई, जोतिबा, आणि सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र, वर ताजं जास्वंदीचं फूल. दिलदारभाईंच्या छातीवरचा दगड निम्मा उतरला. निम्माच, कारण जिथं किल्लीची अक्षरं असायला हवी होती तिथं चौदा वर्षांचं कुंकू बोटबोट जाड बसलं होतं.

“ह्यो साहेबांच्या हापिसातला इंग्रजी देव,” आकारामची बायको धोंडुबाई आदरानं म्हणाली. “लई कडक हाय म्हणत्यात. मी एक दिस चुकवत न्हाय.”

इथं दुसरा कुणी असता तर जवळून दर्शन घेतो म्हणून काच पुसली असती आणि अक्षरं टिपून वाटेला लागला असता. दिलदारभाईंच्याही मनात ते आलं. मग त्यांनी आपल्या स्वभावाला मनातल्या मनात एक शिवी हासडली आणि तोंड उघडलं.

“वैनी, राग मानू नका. ह्यो देव न्हाय. आमच्या कॉम्प्युटरचा परवाना हाय.”

आकारामनं मान खाली घातली. साहेबांच्या टेबलावर वीस वर्षं पाणी ठेवलेल्या माणसाला हे कधी कळलंच नव्हतं. धोंडुबाई तसबिरीकडे बघत राहिली. दिलदारभाईंना वाटलं, झालं, आता ही बाई आपल्याला उंबऱ्याबाहेर काढणार, आणि काढलं तर तिचं काही चुकणार नाही.

“परवाना म्हंजे वं काय?” तिनं विचारलं.

“म्हंजे... मालकाची चिठ्ठी. ही वस्तू मी केली, माझीच हाय, पर तुमी वापरा, माझी हरकत न्हाय, असं लिवलेलं असतंय.”

धोंडुबाईनं पदर सावरला.

“मग देवानं तरी दुसरं काय दिलंय आमाला?” ती म्हणाली.

तिनं स्वतः हात जोडले, तसबीर उतरवली आणि ओल्या फडक्यानं काच पुसायला घेतली. कुंकू सगळं काचेवरच होतं. आत कागद कोराकरकरीत, आणि त्यावर किल्लीची अक्षरं, एकही न पुसलेलं. दिलदारभाईंनी ती वहीत उतरवून घेतली, तीनदा ताडून पाहिली, मोबाइलवर फोटोही काढला.

“न्हेणार हाईसा?” धोंडुबाईनं विचारलं. आवाजात काळजी होती.

“न्हाय वैनी. मला अक्षरं पायजे हुती. कागद हितंच बरा हाय.”

तिनं तसबीर जागेवर टांगली आणि नवं कुंकू लावलं.

संध्याकाळी घरी जयसिंगपूरची सगळी हकिगत सांगून झाली. मग बाहेरच्या खोलीत दिलदारभाई खुर्चीवर, राजवर्धन पाठीशी, आणि आपल्याला काही देणंघेणं नाही असं दाखवत सलिमाबी दारात. अक्षरं एकेक करून गेली. शेवटचं बटण दाबल्यावर मशीन थोडा वेळ नुसतीच घरघरली. मग पडद्यावर परवान्याची ओळ उमटली. शेवटच्या रकान्यात इतकी वर्षं मुदत संपायची तारीख असायची. आज तिथं एक बारकी आडवी रेघ होती.

“तारीख कुठं गेली?” सलिमाबींनी पुढं येऊन विचारलं.

“न्हाय.”

“न्हाय म्हंजे?”

“म्हंजे मुदतच न्हाय. कधीच संपणार न्हाय. आपुन संपू, ही न्हाय.”

सलिमाबींनी ती रेघ बोटानं चाचपून पाहिली. मग नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, राजवर्धनसमोर, जे त्यांनी उभ्या जन्मात केलं नव्हतं.

“तुमच्या नावाचीबी असली एक चिठ्ठी वरच्याकडं मागून बघा की,” त्या म्हणाल्या.