दारापुढचे दहा गुंठे

बबनराव दौंडला रेल्वेत गार्ड होते. गाडीला हिरवा झेंडा दाखवताना त्यांचा हात कधी अडखळला नाही, पण शिक्रापूरच्या जागेचा विषय निघाला की हा माणूस गोगलगाय व्हायचा. दिवाळीत ठरायचं, यंदा विकू. संक्रांतीपर्यंत ठरायचं, नको, भाव अजून वाढेल. कधी नवा कारखाना येणार म्हणून थांबायचं, कधी रिंगरोड होणार म्हणून. बायको अनिता म्हणायची, "लोणचंसुद्धा कुणी एवढं मुरवत नाही."

जागा दहा गुंठ्यांची, हायवेला लागून, बिगरशेती झालेली. रखमाजी नावाच्या शेतकऱ्याने थोरल्या मुलीच्या लग्नासाठी ती बबनरावांना विकली होती. त्याचं घर अजून तिच्या मागेच होतं. सह्या झाल्यावर त्याने एकच मागणं केलं होतं, "सायेब, फुडंमागं इकायची झाली तर पयलं मला इचारा." त्या भागात हे कागदावर कुणी लिहीत नाही. एकजण शब्द देतो, दुसरा तो धरून बसतो. शब्दाला स्टॅम्पड्यूटी लागत नाही, त्यामुळे बबनरावांनी तो लगेच दिला.

यंदा पुण्याच्या एका बिल्डरने मनासारखा भाव सांगितला. अनिता म्हणाली, "आधी रखमाजींना विचारा."

"त्याच्याकडं कुठले आलेत एवढे पैसे? आणि असले तरी तो घरच्यासारखा. म्हणणार, जरा कमी करा. तिथं तोंड उघडता येतं का?"

मग त्यांनी शक्कल लढवली. आधी बिल्डरचा इसार घेऊन व्यवहार पक्का करायचा आणि मग विचारायला जायचं. साप मरावा, काठीही मोडू नये. सोबत पेढे न्यायचे, हेही त्यांनीच सुचवलं. अनिताला संताप आला, तरी ती गाडीत बसली. लग्न झाल्यापासून ती अशीच रागावून गाडीत बसत आली होती.

रखमाजीने ओसरीवर खुर्च्या मांडल्या. बबनरावांनी पेढे पुढे केले आणि एका दमात सांगून टाकलं, "गिऱ्हाईक आलंय. इसारही झालाय. पण म्हटलं, तुम्हाला विचारल्याशिवाय पुढं जायचं नाही."

रखमाजी हातातल्या पेढ्याकडे बघत राहिला. तो त्याने खाल्ला नाही.

"वाट बघत व्हतो मी," तो म्हणाला. "रिंगरोडात वरचं रान गेलं. त्याचं पैसं आलं, तवापासनं ब्यांकेत तसंच ठिवल्यात. पोरं म्हनली, ट्रॅक्टर घ्या. म्या म्हनलं, दारापुढची जागा पयली."

"अहो, मग एक फोन का नाही केलात?"

"दुसऱ्याला त्याची वस्तू इकतो का म्हनून कसं इचारायचं? आन् तुमीच इचारनार व्हता न्हवं?"

बबनरावांना फार वाईट वाटलं. माणूस धूर्त होता, दगड नव्हता. यानेही भाव पुरा दिला असता, हा हिशेबही तेवढ्यात डोक्यात येऊन गेला आणि त्याची त्यांना लाज वाटली.

"इसार परत करा," अनिता म्हणाली. "दुप्पट भरावा लागला तरी भरू. आत्ता लावा फोन."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बबनरावांनी फाटे फोडले नाहीत. त्यांनी खिशातून मोबाइल काढला. रखमाजीने त्यांच्या हातावर हात ठेवला.

"नगा, सायेब. त्या मानसाला तुमी शब्द दिलाय."

"तो नुसता कागद आहे, रखमाजी. मोडता येतो."

"येत आसंल. पर शब्दाच्या भरवशावर इतकी वर्सं बसलेला मानूस मी. मीच दुसऱ्याचा मोडाया लावू व्हय?"

बबनरावांनी मोबाइल परत खिशात ठेवला. अनिताने डोळे पुसले. आतून चहा आला. रखमाजीने आधी पाहुण्यांना दिला, मग आपला कप घेऊन तो मोकळ्या जागेपलीकडून जाणारे ट्रक बघत बसला. त्याच्या घरातून रस्त्यावर यायला त्या जागेतूनच काय ती वाट होती.

"सायेब," त्याने जरा वेळाने विचारलं, "भिंत कवा घालनार हाईत ते?"

बबनरावांनी बिल्डरला तेही विचारलं नव्हतं.