दुधाविना राहिलेलं फुप्फुस

मी एका मेंढीचं फुप्फुस आहे, मित्रांनो. नाक मुरडू नका! दूर डोंगरातल्या नारिनच्या कुरणांवरचा वारा मी चार उन्हाळे पोटभर प्यायलो आहे. पण खरं सांगू? माझ्या अंगात स्वतःची ताकद काडीची नाही. माझ्याखाली श्वासपटल नावाचा मांसल पडदा होता, घुमटासारखा. तो खाली सरकला की छातीत जागा व्हायची आणि हवा आपोआप माझ्यात शिरायची. तो वर आला की हवा बाहेर. राबायचा तो बिचारा, नाव मात्र माझं व्हायचं.

आज सकाळी नव्या सुनेने, नुरजामालने, तो पडदा बरगड्यांच्या कडेकडेने कापला आणि मला श्वासनळीसकट बाहेर काढलं. आमच्याकडे व्याही आले की फुप्फुसात दूध भरतात आणि ते उकडून वाढतात. सुरीचं टोक जरा लागलं तरी दूध गळतं आणि सुनेची गावभर शोभा होते. व्याही तर खिंड उतरायलाही लागले होते.

"आण इकडे," सायराकान आपा म्हणाली. ही तिची सासू, जिभेची तिखट. "बघू, माहेरी सुरी धरायला शिकवलंय की नुसतं नटायला."

तिने माझ्या नळीला तोंड लावून फुंकलं. मी जेमतेम अर्धा फुगलो. तेवढ्यात बारीक आवाज आला, सूंऽऽ.

"झालं! पाडलंस भोक!" आपा कडाडली. दारातला कुत्रा शेपटी हलवत उठला. फाटकं फुप्फुस त्याच्याच वाट्याला जातं.

"नाही हो आपा, जपून कापलंय मी!" नुरजामाल रडकुंडीला आली. "पाण्यात बुडवून बघू या ना!"

मी पडलो तरंगणारा. तिने मला घमेल्यात दाबून धरलं. आपाने पुन्हा फुंकलं. नुरजामाल पाण्यावरून नजर हलवेना. एकही बुडबुडा आला नाही. आपाने तोंड बाजूला घेतलं, तरी सूंऽऽ चालूच!

मला केव्हाच कळलं होतं, पण सांगू कसा? शिट्टी आपाच्या छातीत वाजत होती. प्रत्येक श्वासाला तिचे खांदे वर उचलले जात होते. श्वासपटल थकलं की मान आणि खांदे असे मदतीला धावतात. किती हिवाळे ती दार लावून गोवऱ्यांच्या शेगडीपाशी बसली होती! खोकला आला की "धूर आहे गं," म्हणून उडवून लावायची.

नुरजामालने तिच्या पाठीला कान लावला आणि तिचा चेहराच उतरला.

"आपा, ओठ निळे पडलेत तुमचे. चला दवाखान्यात."

"खुळी का काय तू? व्याह्यांना काय वाढू, माझा खोकला?"

"चहा-पाव खातील. रुसले तर रुसू देत!" तिने नवऱ्याला हाक मारली, "अहो, गाडी काढा आधी!"

आपा भांडायला गेली, पण शब्दाला श्वासच पुरेना. तेव्हा मात्र माझ्या जिवाचं पाणी झालं.

आता गाडी सुरू झाली आहे. घमेल्याशी मी एकटा, आणि कुत्रा जवळ येतो आहे. म्हणून घाईत सांगतो, मित्रांनो. घरात कुणी खांदे उचलून श्वास घेत असेल, तर त्याचं "काही नाही रे" ऐकू नका. पाठीला कान लावा.

गाडीच्या खिडकीतून आपाचा तुटक आवाज आला, "अगं... कुत्र्याला हाकल... चांगलं कापलंयस ते."

नुरजामालने वळूनसुद्धा पाहिलं नाही. ती आपाच्या पाठीवरून हात फिरवत होती.