सोन्याच्या पाठीवरची घाण

दिल्लीची समिती नेमकी आजच दारात, आणि आजच प्रोटॉन गायब! बस्सी गावाच्या अलीकडे, आग्रा रोडवरच्या आमच्या प्रयोगशाळेत आज प्रोटॉन दिसले नाहीत तर लेसर दुसऱ्या संस्थेला जाणार, असं समितीचे अध्यक्ष आनंदराव चहा पिता पिता सांगून मोकळे झाले होते.

लेसरचा झोत सोन्याच्या पातळ पत्र्यावर मारायचा. मागच्या बाजूने प्रोटॉन सुसाट सुटतात आणि पडद्यावर त्यांची रेघ उमटते. एवढंच दाखवायचं होतं. वर्षभर दाखवत आलो होतो. आज मात्र झोतामागून झोत मारले तरी त्या जागी नुसता अंधार. खाली भलतीकडेच एक जाड रेघ उमटत होती. मी आरसे तपासले, पेटीतली हवा उपसणारा पंप तपासला, नवऱ्याचा फोन कापला.

"मॅडम," माझा सहायक अभिजित चाचरत म्हणाला, "हीटर चालू राहिलाय."

"कसला हीटर?"

"पत्रा तापवायचा. काल मीच बसवला. मतलब, पत्रा अगदी स्वच्छ केला तर काय सुटतं, ते बघायचं होतं. बंद करायचा राहिला."

माझं डोकंच फिरलं. प्रोटॉन म्हणजे हायड्रोजनचा गाभा; सोन्यात हायड्रोजन असतो का? आमचे प्रोटॉन येतात ते पत्र्याच्या पाठीवर बसलेल्या तेला-ओलाव्याच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या घाणीतून. ती घाण हेच आमचं भांडवल, आणि या शहाण्याने ती तापवून उडवून लावली होती! समितीसमोरच मी त्याला फैलावर घेतलं. "अक्कल आहे का तुला? चालू लाग इथून!"

तो सॅक उचलून निघून गेला.

मी हीटर बंद केला. पत्रे निवले, पेटीतल्या उरल्यासुरल्या हवेतली घाण त्यांच्यावर आपोआप परत बसली. झोत मारला, आणि प्रोटॉनची रेघ आली. माझ्या जिवात जीव आला.

आनंदरावांनी रेघेकडे ओझरतं पाहिलं. "हे सगळेच दाखवतात हो, भार्गवीबाई. मघाची ती खालची जाड रेघ कसली होती?"

साठवलेल्या चित्रांत मी ती आता कुठे नीट पाहिली. सोन्याचेच आयन होते, म्हणजे विजेने भारलेले अणू. प्रोटॉन हलके, तेच पुढे धावून सगळी शक्ती पळवतात. ते नव्हते म्हणून जड सोन्याला वाव मिळाला होता. इतकी ठळक रेघ आमच्याकडे कधीच आली नव्हती.

"ती परत काढून दाखवा," आनंदराव म्हणाले. "लेसर कुठेही जाणार नाही."

मी हीटर लावला. पत्रा फाटला. पुढचा सरकवला, तोही फाटला. किती आणि कसं तापवायचं, ते एकट्या अभिजितला ठाऊक.

तो फाटकाबाहेर बसची वाट बघत उभा होता. मी धापा टाकत गाठलं त्याला. "चल आत. तुझा हीटर कुणाला जमत नाहीये."

तो रस्त्याकडेच बघत राहिला.

"बरं बाबा, चुकलं माझं! आता तरी चल."

"इथे कोण ऐकतंय, मॅडम?" तो शांतपणे म्हणाला. "बोललात चारचौघांत. हेही तिथेच म्हणा."

बस येऊन थांबली. मला भयंकर संताप आला. त्याचं बरोबर होतं, म्हणून जास्तच.

"म्हणते," मी म्हणाले.

त्याने कंडक्टरला हात केला. "जाओ भैया, नहीं आना."