हातमोज्याला झाली कावीळ

शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता आमच्या ग्रामपंचायतीच्या पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध पितळेची परात, परातीशेजारी पाण्यानं भरलेली कळशी आणि कळशीशेजारी मांडी घालून बसलेले, तीन दिवसांच्या मुक्कामाला गावात आलेले हैबतराव. अंगात पिवळा झब्बा, खांद्यावर पिवळा पंचा. कावीळ उतरवणाऱ्या माणसानं स्वतः एवढं पिवळं का घालावं, हे मला कधी कळलं नाही.

परातीसमोर मैना बसली होती. आमच्या शेजारच्या केरूची बायको, सातवा महिना लागलेली. आठवड्यापासून तिला अन्न जात नव्हतं आणि डोळ्यांतला पांढरा भाग हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखा झाला होता. तिची सासू गिरजाबाई पाठीमागे तिला धरून बसली होती.

हैबतरावांनी ओल्या फडक्यातून बोटभर मुळी काढली आणि मैनेच्या तळहातांवर, नखांवर ती चोळत मंत्र सुरू केला.

"हाडातली मासात ये, मासातली कातड्यात ये, कातड्यातली पाण्यात ये. गुमान आलीस तर बरी, नाय तर माझ्या बापाला बोलावतो."

त्यांच्या वडिलांना जाऊन बारा वर्षं झाली होती. त्यामुळे कावीळ ही धमकी फार मनावर घेत असावी.

मग त्यांनी कळशीतलं पाणी तिच्या हातांवर ओतलं. वरून ओतताना पाणी स्वच्छ, काचेसारखं. हातांवरून परातीत पडलं ते पिवळंजर्द. पडवीतून एकदम 'आऽ' असा आवाज उठला. पुढच्या रांगेतली बायजाबाई, जिला गावातल्या सगळ्या बारशांत आणि भांडणांत मानाचं स्थान आहे, ती म्हणाली, "बघा गो, पोरीच्या अंगात केवढं साठलं होतं."

"आजचं हे पहिलं पाणी," हैबतराव म्हणाले. "उद्या दुसरं, परवा तिसरं. तिसऱ्याला पाणी कोरं पडेल, म्हणजे कावीळ गेली. तवर तेल नाय, हळद नाय, आणि डॉक्टरची सुई तर अजिबात नाय. सुई टोचलीत तर पिवळीची पांढरी होईल, मग मी हात जोडीन."

मी गर्दीच्या कडेला उभा होतो. चाळीस वर्षं पेणच्या शाळेत विज्ञान शिकवलं, पण गावात कुणाला काही सांगायला गेलं की लोक 'गुरुजी, बसा, चहा घ्या' म्हणतात आणि विषय संपवतात. तेवढ्यात माझ्या शेजारी पाठीवर सॅक घेतलेली शकू येऊन उभी राहिली. केरूची धाकटी बहीण, माझी जुनी विद्यार्थिनी. रसायनशास्त्र शिकत होती, आणि कॉलेजनं तिला एक वर्ष प्रत्यक्ष काम शिकायला रोह्याच्या धाटाव एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत पाठवलं होतं. ती नुकतीच शिफ्ट संपवून आली होती.

"गुरुजी," ती हळूच म्हणाली, "पाणी हाताला लागल्यावरच कसं पिवळं झालं?"

"तुला काय वाटतं?"

"आमच्या लॅबमध्ये दिवसभर हेच चालतं. बिनरंगी पाण्यात बिनरंगी थेंब पडतो आणि एकदम गुलाबी होतं. पण त्याला आम्ही मंत्र म्हणत नाही."

तिनं जाऊन परातीतलं पेलाभर पाणी भरून घेतलं. घरी स्वयंपाकघरात त्यात अर्धं लिंबू पिळलं. पिवळा रंग बघता बघता फिका पडला. थोडा चुना टाकला, रंग परत आला. पुन्हा लिंबू, पुन्हा फिका. तिनं तो पेला आईसमोर धरला.

"आई, कावीळ लिंबानं जाते आणि चुन्यानं परत येते का? वहिनीला आत्ताच्या आत्ता अलिबागला सरकारी दवाखान्यात नेऊ. पोटुशी बाईची कावीळ दोघांच्या जिवावर येते."

गिरजाबाईनं पेला बाजूला सारला. "तू जन्मायच्या आधी मला झाली होती. याच्याच बापानं तीन पाण्यांत उतरवली. मी मेले का?"

"ती आपोआप बरी झाली असेल."

"आणि आता ही बरी होईल ती हैबतरावाच्या हातानं. गप बस गो. कंपनीत चार बाटल्या हलवल्यास म्हणून डॉक्टरीण झालीस काय?"

इथे मुलांनो, एक गोष्ट लक्षात ठेवा. गिरजाबाई खोटं बोलत नव्हती. कावीळ झालेली बरीच माणसं विश्रांतीनं आणि साध्या आहारानं काही आठवड्यांत बरी होतात. ज्याच्याकडे ती त्या दिवसांत गेलेली असतात, त्याला श्रेय मिळतं. जी बरी होत नाहीत, ती बोलायला परत येत नाहीत.

शनिवारी शकू कंपनीतून आली ती थेट माझ्याकडे. चेहरा उजळलेला.

"गुरुजी, लॅबच्या मॅडमनी मला पहिल्याच आठवड्यात झापलं होतं. मी औषधाचा नमुना तपासून आकडा लिहिला आणि त्यांनी विचारलं, ब्लँक कुठाय? ब्लँक म्हणजे कोरी चाचणी. सगळं तसंच करायचं, फक्त औषध घालायचं नाही. तरीसुद्धा रंग आला, तर तो रंग औषधाचा नाही, आपल्या पाण्याचा नाही तर भांड्याचा. हैबतरावांनी कोरी चाचणी कधी केलीय?"

"मग कर ना."

तिनं दुसऱ्या पाण्याच्या वेळी भर पडवीत केरूला पुढे केलं. केरू म्हणजे भाताची दोन पोती एकदम उचलणारा गडी. "याला कावीळ नाही हे सगळ्यांना माहीत आहे," शकू म्हणाली. "याचे हात धुवा. पाणी पिवळं पडलं तर ते काविळीचं नाही."

हैबतरावांनी केरूच्या हातावर मुळी चोळली, पाणी ओतलं. पाणी पिवळं.

शकूनं लोकांकडे वळून बघितलं. लोक केरूकडे बघत होते.

"लागली," हैबतराव शांतपणे म्हणाले. "बायकोची नवऱ्याला लागली. आत दबून हाय. बरं झालं पोरीनं वेळेवर दाखवलं."

"व्हय रे केरू, मला काल पण तुझे डोळे जरा तसेच वाटले," बायजाबाई म्हणाली.

केरू घाबरून मटकन खाली बसला. पाठोपाठ पडवीत रांग लागली. पोरं, म्हातारे, ग्रामपंचायतीचा शिपाई, सगळे हात पुढे करून. ज्याचे धुतले त्याची कावीळ निघाली. सात वाजेपर्यंत आमच्या गावात बावन्न जणांना कावीळ झाली होती आणि हैबतरावांचा मुक्काम दोन दिवसांनी वाढला होता.

शकू माझ्या ओटीवर डोकं धरून बसली. शेजारी त्यांच्या घरात मैनेला तिसऱ्यांदा उलटी झाली होती, तिला उठून बसवत नव्हतं.

"मी सगळ्यांना आजारी पाडलं, गुरुजी."

"तुझी कोरी चाचणी कोरी नव्हती एवढंच," मी म्हटलं. "माणसाला कावीळ असू शकते. म्हणून त्यांना पळवाट मिळाली. ज्याला होऊच शकत नाही, असं काहीतरी शोध."

रविवारी तिला सुट्टी होती. हैबतरावांची मुळी जवळून सालीच्या तुकड्यासारखी दिसली होती आणि पेल्यातला रंग चुन्यानं परत आला होता, म्हणून सकाळी आम्ही दोघं माझ्या परसात तीन झाडांच्या साली घेऊन बसलो. बाभळीची, जांभळीची आणि आंब्याची. एकेक साल ओली करून हाताला चोळायची आणि वरून खायच्या चुन्याची निवळी ओतायची. निवळी म्हणजे चुना पाण्यात ढवळून, खाली बसू देऊन, वरचं स्वच्छ पाणी. दिसायला अगदी पिण्याच्या पाण्यासारखी. आंब्याच्या आतल्या सालीवरून ती पडली आणि खालच्या ताटलीत तोच पिवळा रंग उतरला. शकू उठली, सॅकमधून कंपनीतले दोन हातमोजे काढले, आणि एकात भाताचं तूस भरू लागली.

संध्याकाळी तिसरं पाणी. मैनेला अक्षरशः उचलून आणलं होतं. हैबतरावांनी मंत्र म्हटला, मुळी फिरवली आणि पाणी ओतलं. आज पाणी जवळजवळ स्वच्छ पडलं. पडवी खूश झाली.

"गेली," हैबतराव म्हणाले.

"गेली तर तिचे डोळे अजून पिवळे कसे?" शकूनं विचारलं.

"डोळ्याचं हळूहळू जातं."

"बरं. मग माझी बघा." तिनं दोन्ही हात पुढे केले. उजव्या हातात पांढरा रबरी हातमोजा होता. "कंपनीत कसल्या कसल्या रसायनांत हात जातात. कातडी नाजूक झालीय. मोजा काढला नाही तर चालेल ना?"

हैबतराव हसले. "माझी विद्या रबरातून काय, भिंतीतून खेचील." आणि त्यांनी मोज्यावर मुळी चोळली, मंत्र म्हटला, पाणी ओतलं. पाणी पिवळं.

शकूनं मोजा उलटा करून काढला आणि कोरडा हात सगळ्यांना दाखवला. मग तोच हात परातीवर धरून कळशीतलं पाणी स्वतः ओतून घेतलं. पाणी कोरं.

"खेचून घेतली ना आत्ताच," हैबतराव म्हणाले. "आता कुठली उरणार?"

लोकांनी माना डोलावल्या. तेव्हा शकूनं पिशवीतून तुसानं टम्म भरलेला दुसरा मोजा काढला आणि परातीच्या काठावर ठेवला. पाच बोटं वर करून तो असा बसला होता की जणू शपथ घ्यायला आलाय.

"याची उतरवा."

पडवीत हसू फुटलं. "हा कुणाच्या घरचा गो?" बायजाबाईनं विचारलं. "पोटुशी नाय ना?"

हैबतराव काही कच्चे नव्हते. त्यांनी मुळी फडक्यात गुंडाळून मांडीखाली सरकवली, हातानं नुसतं मोज्यावर फुंकर घातली आणि पाणी ओतलं. पाणी कोरं पडलं.

"बघा," ते म्हणाले. "मोज्यात जीव नाय, तर कावीळ पण नाय. आता तरी पटलं? माझ्या पाण्यात खोट असती तर इथं पण पिवळं पडलं असतं."

आणि मला कबूल करायला हवं, पडवीला ते पटलं. शकू काही बोलणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"मुळी कुठं चोळलीत?"

गिरजाबाई. मैनेचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. इतका वेळ ती सुनेच्या चेहऱ्याकडे बघत होती. आता ती हैबतरावांच्या मांडीकडे बघत होती.

"माझ्या सुनेला तीनदा चोळलीत. माझ्या लेकाला चोळलीत. बावन्न माणसांना चोळलीत. मोज्याला का नाय?"

"मोज्याला गरज नाय, बाय."

"नसंल. पण चोळून तर बघू."

ती उठली. सुनेचं डोकं केरूच्या मांडीवर ठेवलं, हैबतरावांच्या मांडीखालचं फडकं ओढून काढलं आणि भाकरीचं पीठ मळावं तसा तो तुसाचा पंजा मुळीनं रगडला. मंत्र म्हटला नाही. कळशी उचलून पाणी ओतलं.

तुसाच्या हातावरून पिवळंजर्द पाणी परातीत पडलं.

गिरजाबाई ती परात बघत उभी राहिली. मग तिनं मुळी नाकाशी नेली.

"आंबा हाय हा," ती म्हणाली. "आणि कळशीत चुना. आम्ही हळदीत चुना घालून लाल करतोच की. वीस वर्षं मला कळलं नाय." आणि मग लेकाकडे वळून, अगदी साध्या आवाजात, "केरू, विठूची रिक्षा बोलव. वडखळच्या नाक्यावरनं अलिबागला. अंधार पडायच्या आत."

रिक्षा गेल्यावर शकूनं उरलेल्या गर्दीला सगळं करून दाखवलं. पहिल्या दिवशी साल ओली करून जोरात चोळायची, दुसऱ्या दिवशी जरा कमी, तिसऱ्या दिवशी कोरडीच फिरवायची, म्हणजे पाणी दिवसेंदिवस फिकं पडतं आणि कावीळ 'उतरते'. पोरांनी स्वतः चोळून बघितलं. बावन्न रोग्यांची कावीळ तिथल्या तिथे बरी झाली. हैबतरावांनी परात तिथेच सोडून कधी काढता पाय घेतला, ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

मैना सतरा दिवस अलिबागला होती. पहिले चार दिवस डॉक्टर बोलायला तयार नव्हते. पाचव्या दिवशी म्हणाले, आता धोका टळला, पण अजून दोन दिवस उशीर केला असतात तर मी काही करू शकलो नसतो. गिरजाबाईनं ते ऐकून घेतलं आणि मग त्यांना एक प्रश्न विचारला. तो प्रश्न तिनं हैबतरावाला कधी विचारला नव्हता, त्याच्या बापालाही नव्हता.

"ही आमच्या घरात आली कुठनं?"

डॉक्टर म्हणाले, बहुतेक पिण्याच्या पाण्यातून. घाणीचं पाणी मिसळलं की येते. काविळीत बिघडतं ते यकृत, पोटाच्या उजव्या बाजूला, आत. तळहातावरून ते धुऊन निघत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरजाबाईनं खराटा घेतला आणि आपल्या नळाची पाइपलाइन अंगणापासून मागे मागे धरत निघाली. शकू बरोबर होती, मी मागून काठी टेकत. तीन घरं ओलांडल्यावर गटारात बुडालेला सांधा सापडला. आम्हीच गावकऱ्यांनी पावसाळ्यापूर्वी घाईत जोडलेला, आणि सायकलची ट्यूब गुंडाळून झाकलेला. नळ बंद झाला की गटाराचं पाणी आत शिरत होतं. बायजाबाईच्या घरातही त्याच नळाचं पाणी होतं. त्या दिवसापासून ती सगळ्या गल्लीला पाणी उकळून प्या म्हणून सांगत फिरते, आणि तिचं लोक ऐकतात.

मुलांनो, तुमच्यासमोर कुणी पाण्याचा रंग बदलून दाखवला तर आधी पोटभर बघा, छान वाटतं ते. मग उठा आणि विचारा: हेच दुसऱ्या कशावर करून दाखवाल का? सगळं तसंच, काही न वगळता? जो खरा असेल तो म्हणेल, ये, तूच कर. आणि घरात कुणाचे डोळे पिवळे दिसले, तर त्या माणसाला आधी दवाखान्यात न्या. त्यानंतर गटाराकडे जा.